कुत्रं कुणाचं ऐकतं

सोमवार, ६ मे

माझ्या घरात कुत्रं आणायचं आणि मलाच विचारायचं नाही, हे तुला कुणी शिकवलं? पत्र दादाच्या नावानं, चित्रं वहिनीसाठी, आणि खाली बारीक अक्षरात, ‘आईला इतक्यात सांगू नका, ती फाटे फोडत बसते.’ तुझा दादा पत्र टेबलावर टाकून आंघोळीला गेला. चष्म्याशिवाय मला वाचता येत नाही अशी तुम्हा सगळ्यांची समजूत आहे. चष्मा कपाळावरच होता.

तर आता फाटे फोडते.

बरी असशील. तुझी मिरी बरी आहे. पुढचा दात पडला, त्यामुळे हसली तर तोंडावर हात धरते. हसत फारशी नाही म्हणा. तुझं मनगट पूर्ण वळतं की अजून ओल्या चादरी उचलताना कळ येते, ते कळव. हॉटेलच्या धुलाईखात्यात कुणी तुझ्या हातची चादर घेऊन बाजूला ठेवणार नाही.

दोन्ही चित्रं मी बघितली. एक डॉबरमन. काळा, उंच, अंगावर मूठभर चरबी नाही, कान असे उभे की मागून कुणी ओढून धरलेत. दुसरं पामेरियन. पिंजलेल्या कापसाचा बोळा आणि त्याला चिकटवलेले दोन डोळे. पहिल्याला बघून चोर पळेल. दुसऱ्याला बघून चोर जाताना त्यालाही उचलून नेईल.

दादाला डॉबरमन पाहिजे. वहिनीला पामेरियन. तिचंही खरं आहे. बाहेरच्या खोलीत तिचं शिलाईचं दुकान, दिवसभर बायका येणार, कुणाला ब्लाउज उसवायचा, कुणाला बाह्या तोकड्या करायच्या. ती म्हणाली, “माप द्यायला आलेली बाई त्या राक्षसासमोर उभी राहील का?”

दादा म्हणाला, “राहील की. हात वर करूनच राहील.”

त्यावर ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. मला कुणी विचारलंच तर मी म्हणेन, दोन्ही नकोत. दाराला आतून लोखंडी आडणा बसवा. आडण्याला खायला लागत नाही आणि त्याची घाण काढावी लागत नाही.

तू दादाला विचारलंयस, ‘तो तिकडे येतो का?’ दादा काय लिहील मला ठाऊक आहे. लिहील, ‘अधूनमधून.’ मी सांगते. रोज येतो. दादा काचेच्या कारखान्यात गेला की येतो. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसतो, मांडीवर रुमाल, रुमालावर कुणाचा तरी फोन उघडून ठेवलेला, हातात ते सुईएवढं पेचकस. आपलं काम करतो. आपलं फोनदुरुस्तीचं दुकान सोडून इथं उन्हात बसून काम करतो. मधेच मान वर करतो आणि आमच्या खिडकीकडे बघून हात हलवतो. एवढंच.

एकदा मिरीनंही हात हलवला. सवयीनं गं, बाप आहे. मी तिचा हात खाली ओढला. ती म्हणाली, “हात केला तर काय होतं?” मी म्हटलं, “काही होत नाही, चल जेवायला.” आता ती कापणीच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात जाऊन बसते. तिथून खिडकी दिसत नाही.

चौकीवर जाऊन आले. तिथला माणूस म्हणाला, “आजी, पायरीवर बसणं गुन्हा नाही. हात हलवणंही नाही. बाप आहे तो, तुमच्याकडे कोर्टाचा कागद आहे का?” मी म्हटलं, “नाही. गुन्हा झाला की येते.” त्याला वाटलं मी विनोद केला. हसला.

फोन करत नाहीस ते बरं करतेस. फोनच्या पोटातलं त्याला सगळं कळतं.

तू जाताना मी म्हणाले होते, पोरगी इथं ठेव, तुझ्यामागे फरफटत नेऊ नकोस. तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. नको बोलूस. पण कुत्र्याचं बोलायचं असेल तर माझ्याशी बोल. दिवसभर घरात मीच असते.

मी घाबरत नाही. दुपारी दार आतून लावते ते धूळ येते म्हणून.

आई


रविवार, १९ मे

पत्र आलं नाही. ठीक आहे. मी लिहिते.

आडण्याला कुणी विचारलं नाही. आम्ही सगळे कुत्रेवालीकडे जाऊन आलो. गावाबाहेर पत्र्याच्या शेड आहेत, बाई चांगली दणकट, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. कुत्र्यांशी ‘या, बसा’ करून बोलते आणि माणसांशी ‘ए, तिकडे हो’ करून. तिनं पहिल्यांदा विचारलं, “दुपारी घरात कोण असतं?”

मी म्हटलं, “मी आणि ही पोर. सूनबाई असते, पण ती सारखी दोरा आणायला, बटणं आणायला जाते.”

“मग दुपारसाठी कुत्रं घ्या. लोक उगाच रात्रीला घाबरतात.”

बाई मला आवडली नाही, पण हे तिनं बरोबर सांगितलं.

आधी पामेरियन आणलं. जमिनीला पाय टेकायच्या आत भुंकायला लागलं. दादावर भुंकलं, वहिनीच्या पिशवीवर भुंकलं, स्वतःच्या शेपटीवर भुंकलं. मिरीनं तिथल्या तिथं नाव ठेवलं, घंटी. घंटी तिच्या मांडीवर चढून तिची हनुवटी चाटायला लागली आणि मिरी हसली. तोंडावर हात न धरता. मी दुसरीकडे बघत होते, पण ऐकलं.

मग डॉबरमन. तो आला, आमच्याकडे एकेकदा बघितलं, आणि बसला. सरकारी कचेरीतल्यासारखा. तुमचं काम होईल किंवा होणार नाही, मधे बोलायचं नाही. त्याचं नाव पडलं साहेब. वहिनी भिंतीला चिकटून उभी होती. साहेब उठला, सगळ्यांना सोडून मिरीजवळ गेला आणि तिच्या खांद्यावर जबडा टेकवून उभा राहिला. त्याचं डोकं तिच्या डोक्याएवढं आहे. पोर काठीसारखी ताठ झाली, मग एक बोट वर करून तिनं त्याच्या गळ्याखाली खाजवलं.

“हा एकाच माणसाचं ऐकतो,” कुत्रेवाली म्हणाली. “ते माणूस कोण, ते तुम्ही ठरवत नाही. तो ठरवतो.”

दादानं विचारलं, “दोघांत फरक काय म्हणाल?”

ती म्हणाली, “हे पांढरं सांगतं. हा थांबवतो. तुम्हाला माणूस आला ते कळायला हवंय, की तो यायलाच नकोय?”

वहिनी पिशवीचे बंद सरळ करायला लागली. मिरी समोर होती.

तू बसलेली आहेस ना? मी बाजू बदलली आहे. मला घंटी पाहिजे. थोडं खाईल, कोपऱ्यात मावेल, आणि उद्या तिचं डोकं फिरलं तर मी तिला केरसुणीनं आवरू शकेन. साहेबाचं डोकं फिरलं तर घरात त्याला आवरणारा कोण? दादा संध्याकाळी येतो. आणि पोर हसली ते मी मघाशी लिहिलंच. दादा म्हणतो हसण्यासाठी कुत्रं आणत नाही आपण. अडून बसलाय, म्हणतो तुला विचारू, तू सांगशील तसं.

आता दुसरी गोष्ट. वहिनी म्हणाली लिहू नका, तिला झोप लागणार नाही. मला लागत नाही, तर तुला का लागावी?

गुरुवारी एक गिऱ्हाईक गाठोडं टाकून गेली. दोन सलवारी, एक परकर, सगळे उंचीला कमी करायचे. वहिनीनं गाठोडं सोडलं तर आत एक नवा फ्रॉक. लहान मुलीचा, पिवळा, घडीच्या खुणा अजून तशाच. वहिनी धावत त्या बाईच्या मागे गेली. बाई म्हणाली, “हो हो, ते कोपऱ्यावर एका गृहस्थानं दिलं, म्हणाला घरातलंच आहे, ह्यात टाका.”

वहिनीनं टेप लावून बघितला. खांदा, छाती, उंची. बरोबर मिरीचा. आत्ताचा. तू गेलीस तेव्हापासून पोर चांगली चार बोटं वाढली आहे, वहिनीनं तिचे सगळे फ्रॉक उसवून खाली सोडले. म्हणजे पायरीवर बसून तो नुसता हात हलवत नाही. मापं घेतो.

फ्रॉक मी चुलीत घातला असता, पण कापड चांगलं होतं. उसवून ठेवलंय.

दादाला लिही. पण कोणतं ते लिही, नुसतं ‘तुम्ही ठरवा’ लिहून पाठवू नकोस.

आई


शनिवार, १ जून

तुझं पत्र पोचलं. पुन्हा दादाच्याच नावानं. या वेळी त्यानं मला दिलं आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

‘डॉबरमनच घ्या. नुसतं भुंकणारं काय कामाचं? मी पण ओरडायचे. कोण आलं?’

मी ते पत्र घडी करून परत दिलं. त्याचं उत्तर मी देत नाही. डॉबरमन आणलं.

आता ऐक, तुझा साहेब कसा राहतो. सकाळी अंगणात तीन चकरा मारतो, कुंपणाची एक एक पट्टी हुंगतो, मग दारासमोर बसतो आणि रस्त्याकडे बघत राहतो. भुंकत नाही. कुणी फाटकाशी थांबलं की उभा राहतो, एवढंच, आणि माणूस पुढे सरकतो. टपालवाला आता पत्रं फाटकावरून फेकतो. दूधवाल्यानं वहिनीला विचारलं, “याला काही आजार आहे का? आवाज करत नाही.” वहिनी म्हणाली, “आजार नाही, तोंड उघडलं की बंद करायला विसरतो.” बघ, ती पण विनोद करायला लागली. गिऱ्हाइकं मात्र निम्मी झालीत. उरलेल्या बायका रस्त्यातून हाक मारतात आणि वहिनी फाटकावर जाऊन मापं घेते.

जेवायला फक्त मिरीनं दिलं तरच खातो. मी वाडगं ठेवलं तर माझ्याकडे बघतो, जणू मी चुकीच्या खिडकीवर अर्ज दिलाय. दादानं ‘बस’ म्हटलं तर उभा राहतो. मिरी ‘बस’ म्हणाली की असा बसतो, जमिनीला आवाज येतो. ती आता टेबलाखाली बसत नाही. अंगणाच्या पायरीवर बसून चित्रं काढते आणि साहेब तिच्या आणि फाटकाच्या मधे आडवा पडतो.

त्याला गादी मी केली. कुत्रेवालीनं सांगितलं होतं, “घरातल्या माणसांचे अंगावरचे जुने कपडे त्याच्या अंथरुणात घाला. ज्याचा वास अंथरुणात, तो घरचा. बाकीचा परका. हे त्याला एकदा कळलं की तुम्हाला काही करायला नको.” मोठं पोतं घेतलं, दादाचा फाटका शर्ट, वहिनीचा गाऊन, मिरीचे तोकडे झालेले दोन फ्रॉक. माझं काही घातलं नाही, माझे कपडे अजून अंगावर आहेत. त्यातही पोतं भरेना, थंड फरशीवर त्याची हाडं टोचत होती. या घरात कापड फेकलं जात नाही हे तुला माहीत आहे. तुझी ट्रंक उघडली. तळाशी तो जाड लोकरीचा कोट होता, तू आलीस तेव्हा अंग झाकायला घातला होतास आणि तसाच राहिला. गेला एकदाचा कामी. पोतं टम्म फुगलं.

आणि तो येत नाही. पायरी रिकामी आहे. मी रोज बघते. काल दुपारी मला झोप लागली, खुर्चीत, तोंड उघडं टाकून. मिरीनं माझं तसं चित्र काढलं. पाठवत नाही.

आडणा आता नको, असं मी दादाला सांगितलं. तू जिंकलीस. मनगटाचं कळवलं नाहीस.

आई


गुरुवार, २० जून

दादा म्हणाला तुला कळवायचं नाही. म्हणून कळवते.

कालची गोष्ट. दुपारी मी मागच्या खोलीत शिवणी दाबत होते, इस्त्री चांगली तापली होती. वहिनी दोरे आणायला गेली होती. मिरी पायरीवर, साहेब अंगणात. रोजच्यासारखं सगळं शांत. कुत्रं भुंकलं नाही, गुरगुरलं नाही, म्हणून मी उठले नाही. हे नीट वाच. आम्ही कुत्रं आणलं होतं म्हणून मी उठले नाही.

मग मिरीचा आवाज आला. “पाणी आणू का?”

पाहुण्यांशी बोलतात तसा आवाज. आमच्याकडे ती कुणाशी असं बोलत नाही. मी हातात इस्त्री तशीच घेऊन बाहेर आले, वायर मागे फरशीवर खरडत होती.

तो अंगणात होता. फाटक आत येऊन लावून घेतलेलं. उकिडवा बसला होता आणि साहेबाचं डोकं त्याच्या गुडघ्यावर. तो त्याचे कान चोळत होता आणि साहेबानं डोळे मिटले होते. मिरी पायरीवर बसलेली, हातात खडू, कागदावर टेकवलेला, हलत नव्हता.

“सासूबाई,” तो म्हणाला, “लोक म्हणतात तुम्ही वाघ बांधलाय. हे तर वासरू निघालं.”

मी म्हटलं, “तुम्ही आत कसे आलात?” बघ, ‘तुम्ही’. जावयाला म्हणायची सवय, जीभ वळली. अजून तोंडात कडू लागतंय.

“कडी काढली. आतून असते ना, हात घालावा लागतो. घातला. ह्यानं हुंगला आणि चाटला. कुणी निवडलं? छान निवडलंय.”

“निघा.”

“इस्त्री खाली ठेवा, हात भाजेल.” असं काळजीनं म्हणाला गं. तुझ्याशीही असाच बोलायचा का? आमच्यासमोर नेहमी असाच बोलायचा.

मग मिरीकडे वळला. “आईचं पत्र येतं ना? त्यावरच्या तिकिटावर कसलं चित्र असतं? शिक्क्यावर काय लिहिलेलं असतं, वाचता येतं का तुला आता?”

मिरी म्हणाली, “आई पत्र पाठवत नाही.”

तुझं एकूण एक तिकीट ती काढून चित्रांच्या वहीत चिकटवते. वही तिच्या मांडीवरच होती, त्याच कागदाच्या खाली. पोरीनं डोळ्याची पापणी हलवली नाही. एवढं सरळ खोटं बोलायला मला चाळिशी गाठावी लागली होती.

तो उठला. पँटवरचे केस झटकले. म्हणाला, “रविवारी येतो. हिला फिरायला नेतो, संध्याकाळी आणून सोडीन. बापाला एवढा हक्क आहे, चौकीवर विचारून आलोय. हिच्या आईला कळवा. पत्ता असेलच.” जाताना फाटकाची कडी बाहेरून नीट लावून गेला. साहेब फाटकापर्यंत पोचवायला गेला, शेपूट हलवत.

मी पायरीवर बसले. इस्त्री फरशीवर ठेवली. मिरी म्हणाली, “आजी, मी बरोबर बोलले का?” मी म्हटलं, “बरोबर.” मग ती आत गेली आणि टेबलाखाली शिरली.

कुत्र्याला मारायला मी लाकडी पट्टी उचलली होती. तो आला, गादीवर गेला, पोत्याचा एक कोपरा त्यानं आधीच दातानं उसवून ठेवला होता, त्यातून एक बाही बाहेर लोंबत होती. तिच्यात नाक खुपसून झोपला. मी वाकले आणि ती बाही नाकाशी धरली. फोनला डाग द्यायच्या कथलाचा धूर आणि त्याचं ते डोक्याचं तेल. ट्रंकेत बंद होता कोट, जसाच्या तसा राहिला होता. कोट तुझा नव्हता. तू त्याच्या घरातून निघालीस तेव्हा हाताला लागला तो अंगात घालून निघाली होतीस.

दादाचा धुवून विरलेला शर्ट, मिरीचे एवढेसे फ्रॉक, आणि ह्याचा आख्खा कोट. घरचा म्हणून कुत्र्याला सगळ्यात जास्त कोण कळला असेल, तूच सांग. ते मी केलं, माझ्या हातानं, दाभण घेऊन, दुहेरी टाका घालून.

पट्टी खाली ठेवली. कुत्र्याची चूक नाही.

दादा रात्री कोट बाहेर नेऊन जाळून आला. उपयोग नाही. साहेब सकाळपासून राखेजवळ बसलाय.


शुक्रवार, २१ जून

कालचं पत्र टाकलं नाही. आज हे जोडते आणि दोन्ही टपालात न टाकता गाडीवाल्याच्या हाती देते. दादाच्या कारखान्यातून काचा घेऊन तुमच्याकडे जाणारी गाडी आज संध्याकाळी निघते. ड्रायव्हर सभ्य आहे, फक्त बडबड्या. त्याला तुझ्याबद्दल काही सांगितलेलं नाही, नुसतं पुडकं आहे म्हटलंय, धुलाईखात्याच्या दारावर द्यायचं.

सकाळी साहेबाला घेऊन कुत्रेवालीकडे गेलो, सगळे. दादानं कामाला दांडी मारली. त्याचं म्हणणं, हे परत घ्या आणि पांढरं द्या. वहिनी म्हणाली, “निदान ते ओरडेल तरी, शेजारपाजार खिडकीत येईल.” आता दादाचाही आग्रह उलटा झालाय. तिकडे घंटी जाळीला पंजे लावून आमच्यावर भुंकत होती, तिला आम्ही आठवत पण नव्हतो.

कुत्रेवालीला कोटाचं सांगितलं. बाई बूट आपटून हसली, मग माझं तोंड बघून गप्प झाली. म्हणाली, “वास निघेल. पण महिने जातील. आपण होऊन तो त्या माणसावर जाणार नाही. कुणी सांगितलं तरच जाईल.”

“कुणी?”

“बघू या की.”

तिनं तिच्या गड्याच्या हातावर जाड गोणपाटाची बाही चढवली आणि त्याला लांब उभं केलं. त्याच्या अंगात साहेबाच्या ओळखीचं जाकीट होतं, रोज खायला घालणारा माणूस तो. दादा म्हणाला, “धर!” साहेबानं दादाकडे बघितलं. वहिनी म्हणाली. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी म्हणाले, खणखणीत आवाजात. त्यानं जांभई दिली.

कुत्रेवाली मिरीला म्हणाली, “तू म्हण.”

मी म्हटलं, “ती नाही म्हणणार.” पण तोवर पोर बोलून गेली होती. मोठ्यानं नाही. टेबलाखालून कात्री मागते तेवढ्या आवाजात.

मी असं कधी बघितलेलं नाही. साहेब आमच्या जवळ होता आणि मग नव्हता. गडी आडवा पडला होता, बाही साहेबाच्या दातात, आणि माणूस हसत होता पण ते हसणं खरं नव्हतं, पाय झाडत होता. मिरीनं दोन्ही हातांनी कान झाकले. मग म्हणाली, “सोड.” सोडलं. परत येऊन तिच्या पायाशी बसला आणि वर बघायला लागला, बरोबर केलं का असं विचारत.

घंटी जाळीपासून मागे सरकली होती.

“झालं,” कुत्रेवाली म्हणाली. “घरचा माणूस असो नाहीतर मी असो, हिनं सांगितलं तर जाईल. दुसऱ्या कुणी सांगून नाही. तुम्हाला कुठलं ठेवायचं ते ठरवा. दोन्ही माझ्याकडे आहेत, रविवारपर्यंत सांगा.”

असं आहे सगळं. घंटी ठेवली तर ती बोंब ठोकेल, खिडक्या उघडतील, आणि तो सगळ्यांदेखत सभ्यपणे पोरीचा हात धरून चालायला लागेल, बाप आहे म्हणून. साहेब ठेवला तर बाप थांबेल. पण थांबवणारा साहेब नाही. सात वर्षांची पोर आहे. फाटकात उभी राहून, तोंडात एक शब्द धरून.

परत येताना मिरी माझ्या आणि दादाच्या मधे चालत होती, साहेबाची दोरी तिच्या हातात. चौकातून वळलो तेव्हा म्हणाली, “आजी, रविवारी मी ‘धर’ म्हणायचं का?”

दादा दुकानाच्या पाटीकडे बघायला लागला. वहिनी मागे राहिली होती.

मी तिच्या हातातल्या दोरीचा पीळ सोडवायला लागले. तर तिला वाटलं मला प्रश्न कळला नाही. ती म्हणाली, “आणि बाबा रडायला लागले तर लगेच ‘सोड’ म्हणायचं, की थोडं थांबायचं?”

माझ्याकडे सगळ्याची उत्तरं असतात असं तुझं म्हणणं. याचं नाही. मी ‘हो’ म्हटलं तर ती जन्मभर म्हणेल आजीनं सांगितलं म्हणून मी बाबांवर कुत्रं सोडलं. ‘नाही’ म्हटलं तर रविवारी तो तिला घेऊन जाईल आणि तुझा पत्ता तिच्याकडून काढून घेईल, फ्रॉक देऊन किंवा न देता. मी तिला म्हटलं, “हे तुझी आई सांगेल.” तिनं मान डोलावली आणि मग विचारलं, “कधी?”

तू इथं आलीस तर तो तुला बघेल, हे मला कळतं. मी म्हातारी आहे, आंधळी नाही. वहिनीनं मागच्या खोलीत गादी घातली आहे. दादा रविवारी घरी आहे. फाटकात तुझ्यापुढे मी उभी राहीन, इस्त्री घेऊन.

दादाला पत्र लिहू नकोस. मलाही नको. हा गाडीवाला उद्या सकाळी तिकडून रिकामी गाडी घेऊन परत निघतो, त्याच्या शेजारची जागा मी ‘एक बाई येईल’ एवढंच म्हणून सांगून ठेवली आहे. मिरीनं विचारलंय, तिलाच उत्तर द्यायचं. तिच्यासमोर बसून, तोंडानं, तू.

आई